शेंदेलोण म्हणजे मीठ नव्हे

शके १७०९, आषाढ वद्य १२

आजपासून रोज लिहायचे, असे हकिमाने फर्मावले आहे. पाणी किती प्यालो, लघवी किती झाली, पायावर सूज किती, पोटात काय गेले. पस्तीस वर्षे दप्तरात दुसऱ्यांचे लिहिले. आता स्वतःचे मूत लिहायचे. यालाच बहुधा बढती म्हणतात.

हकीम मैनुद्दीनकडे मी हौसेने गेलो नाही. आधीच्या वैद्याने वर्षभर भस्मे चारली. छातीची धडधड होती तिथेच राहिली, वर दाढा हलू लागल्या. शेवटी समोरच्या घरातल्या हिंदुरावाने याचे नाव सुचवले. हिंदुराव जुना शिलेदार, कर्नाटकाच्या मोहिमेत एक पाय ठेवून आला आणि तेव्हापासून नारायण पेठेतल्या सगळ्यांची चौकशी करत ओट्यावर बसलेला असतो. औषधाला विटाळ नसतो असे शास्त्रवचन आहे. गरज पडली की ते नेमके आठवते.

हकीम ओसरीच्या कडेला बसला. जाजम आधीच काढून ठेवले होते. मनगट धरून नाडी पाहिली, मग म्हणाला, "पंत, काळीज थकलंय आणि गुरदेही थकलेत. एक पाणी पुढे ढकलत नाही, दुसरे बाहेर काढत नाहीत. मग ते पायात उतरतं." उपाय दोन. रानकांद्याची पूड रोज एक गुंज, मधातून. आणि मीठ बंद. लोणचे, पापड, मेतकूट, सांडगे, सगळे बंद. पाणी दिवसाला दोन तांबे.

"पूड जहाल आहे," तो म्हणाला. "थोडं मळमळेल. पण वांती झाली किंवा पिवळं दिसायला लागलं तर त्याच दिवशी थांबवा आणि मला बोलवा. काळजाला धरणारं औषध जास्त झालं तर काळीजच थांबवतं."

दाराआड मथुरावहिनी ऐकत होत्या. थोरल्या भावाची विधवा. हातात बांगड्या नाहीत म्हणून चाहूल लागत नाही, सावली मात्र दिसते. हकीम गेल्यावर मी स्नान केले.

आषाढ अमावास्या

पाणी दोन तांबे. बाहेर सव्वा. सूज घोट्याच्या वर चार बोटे.

अळणी आमटी, अळणी भात, अळणी दुधी. म्हशीला आंबोण यापेक्षा चविष्ट मिळते. मिठाचे गाडगे वहिनींनी आपल्या खोलीत नेऊन ठेवले आणि लोणच्याच्या बरण्या गेनबाकडून माळ्यावर चढवल्या. गेनबा आमचा गडी, वीस वर्षे माझे खातो, पण हुकूम त्यांचा ऐकतो.

"वहिनी, चिमूटभर तरी."

"हकिमांनी कणभर नाही म्हटलंय, भावोजी."

असे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. मला त्याचीच भीती वाटते. बावीस वर्षांपूर्वी दादा वारला तेव्हा यांना लोणी गावच्या आपल्या भावाचा मुलगा दत्तक घ्यायचा होता. माझी संमती लागत होती, मी दिली नाही. घराण्यात परके रक्त कशाला? निर्णय योग्यच होता. त्या दिवसापासून त्या विषयावर एक शब्द बोललेल्या नाहीत. रोज दोन वेळा पान वाढतात आणि बोलत नाहीत. जो भांडतो तो विसरतो. न भांडणाऱ्याचे काही सांगता येत नाही.

श्रावण शुद्ध ५

पाणी दोन तांबे, बाहेर तीन. अंगठा दाबला तरी पायावर खळगा पडत नाही. काल प्रथमच आडवा होऊन झोपलो, एरवी तक्क्याला टेकून बसावे लागते. ओंकारेश्वरापर्यंत चालत जाऊन आलो. हिंदुराव म्हणाला, "पंत, परत आलात? म्या तर पोचवायची तयारी केलती."

हकीम हुशार आहे. पूड लागू पडली. जेवणाशी याचा काही संबंध दिसत नाही.

श्रावण शुद्ध ७, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. वहिनींनी वरीचे तांदूळ आणि ताक पुढे ठेवले, तेही अळणी. देवघरातल्या डब्यातून शेंदेलोणाचा खडा मीच आणला आणि ताकात चांगला घोळवला.

"भावोजी, खारट नको म्हणालेत ते."

"ते मीठ म्हणाले. उपासाला मीठ चालते का?"

"नाही."

"शेंदेलोण चालते का?"

"चालतं."

"म्हणजे शेंदेलोण मीठ नव्हे. असते तर उपास मोडला असता. एवढा साधा तर्क आहे."

यावर त्या गप्प झाल्या. दप्तरात भल्याभल्यांना मी असाच गप्प करत असे. दहा दिवसांनी जिभेला जीभ असल्यासारखे वाटले. ताक तीन वाट्या प्यालो.

श्रावण शुद्ध ९

बाहेर एकच तांब्या. संध्याकाळी पाय जड झाले. वहिनींनी भाजीत काय घातले कोण जाणे. विचारले तर म्हणाल्या, "काहीच घालता येत नाही, हीच तर अडचण आहे." उद्धट उत्तर आहे, पण पकडता येत नाही.

श्रावण शुद्ध १२

काल एकादशी, आज शनिवार, दोन्ही उपास. आजारात माणसाने देवाकडे थोडे अधिक पाहावे. पूर्वी मी शनिवार धरत नसे, आता धरणार. सोमवार तर आहेच. संकष्टी, अष्टमी हेही सोडायचे नाही. उपासाचा एक फायदा म्हणजे त्या दिवशी वहिनींच्या हातच्या अळणी आमटीतून सुटका होते. वरीला शेंदेलोण आणि जिरे लावले की जेवल्यासारखे वाटते. देव दयाळू आहे, निदान वहिनींपेक्षा.

सूज पोटरीपर्यंत. जिना चढताना तीनदा थांबलो.

श्रावण पौर्णिमा

नवे जानवे घातले. हकीम आला होता. पाय दाबून पाहिले, पोटावर बोट वाजवले, तोंड वाकडे केले.

"मीठ खाता का?"

"कण नाही."

"नक्की?"

"आजच नवे जानवे घातले आहे, त्याची शपथ."

त्याला शंका वाटली असावी, कारण तो दाराकडे पाहत राहिला. तेवढ्यात आतून वहिनी म्हणाल्या, "हकीमसाहेब, उपासाला हे..."

मी तिथेच थांबवले. या घरातल्या बायका परपुरुषाशी बोलत नाहीत. निदान माझ्या देखत तरी नाहीत. सावली दारातून मागे सरली.

हकिमाने मिशीवरून दोनदा हात फिरवला. "मग पूड वाढवावी लागेल. दोन गुंजा. मन घेत नाही माझं, पण मीठ बंद असूनही पाणी हटत नसेल तर दुसरा मार्ग नाही. ते सांगितलेलं लक्षात आहे ना? वांती, पिवळं?"

लक्षात आहे म्हणालो.

श्रावण वद्य ३

अन्न नकोसे झाले आहे. सकाळपासून तोंडाला पाणी सुटते, दुपारी वांती झाली. गेनबाने धोतर वाळत घातले ते पिवळे दिसले. "हळदीत का बुडवलेस?" म्हणून त्याला फैलावर घेतले. तो म्हणाला पांढरे आहे. दिव्याभोवतीही पिवळे कडे दिसते.

वहिनी उंबऱ्याशी येऊन म्हणाल्या, "भावोजी, औषध थांबवा. हकिमांनी असंच सांगितलं होतं. गेनबाला धाडू का त्यांच्याकडे?"

मी त्यांच्याकडे नीट पाहिले. ज्या औषधाने मला उठवून ओंकारेश्वरापर्यंत चालवले तेच यांना थांबवायचे आहे. औषध तीन आठवड्यांचे, स्वयंपाक बावीस वर्षांचा. मग यातले कोण मला आतून खाते आहे? पूड मी त्यांच्यासमोर घेतली, दोन गुंजा, पूर्ण.

उरलेला भात मांजरीला घातला. मांजर मेली नाही. पण मांजरीचे काळीज चांगले असते.

मला भीती वाटते आहे. कोणापाशी बोलणार? म्हणून इथे लिहून ठेवतो. मरणाची भीती वाटते, आणि ज्या हातचे खायचे त्याच हाताची भीती वाटते.

श्रावण वद्य ६, सोमवार

देवघरातला शेंदेलोणाचा खडा नाहीसा झाला. दोन तास शोधला. स्वयंपाकघरात सरपणाच्या ढिगाखाली फडक्यात बांधलेला सापडला.

"हा इथे कसा?"

"मी ठेवला."

"देवापुढची वस्तू चोरलीत?"

"हो," त्या म्हणाल्या. फक्त हो.

माणूस निर्दोष असेल तर निदान रडतो तरी. खडा आता माझ्या उशाखाली आहे.

श्रावण वद्य ८

आज बोलून टाकले.

सकाळी पुन्हा वांती झाली, नाडी मधेच ठोका गाळते आहे. ओट्यावर जाऊन बसलो. हिंदुराव होता, पलीकडचे जोशी होते, दूधवाला होता, जन्माष्टमीची फुले घेऊन जाणारी चार माणसे होती. त्यांच्यासमोर मोठ्याने सांगितले की माझी भावजय मला जेवणातून विष घालते आहे, बावीस वर्षांचा डूख धरून.

हिंदुरावाने सुद्धा टोमणा मारला नाही. वळून पाहिले तर वहिनी दारात उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरलेला. मला वाटले होते आरडाओरडा करतील, शिव्याशाप देतील. त्या आत गेल्या, गाठोडे बांधले, मिठाच्या गाडग्यासकट खोलीची किल्ली माझ्या पायाशी ठेवली आणि गेनबाला गाडी जुंपायला सांगितली.

"कुठं सोडू, बाई?" गेनबाने विचारले.

"लोणीला, भावाकडं. आणि हे बघ, यांची पूड बंद करा म्हणावं हकिमांना. माझं नाव नको सांगूस, नाहीतर घेतील हे हट्टानं."

मी ऐकतो आहे हे माहीत असून बोलल्या. पूड घेतली.

श्रावण वद्य ११

एकादशी. वरी स्वतः शिजवली, खाली लागली. शेंदेलोणाने गिळता आली. पाणी किती आठवत नाही. बाहेर पाव तांब्या. बसूनही श्वास पुरत नाही. घर मोकळे झाले आहे. गेनबा तोंड फुगवून फिरतो. हकिमाकडे जाऊन आला, तो म्हणे गावी गेला आहे, परवा येईल.

श्रावण वद्य १४

काल सोमवारी मरता मरता राहिलो. गेनबाने सांगितले ते आणि मला आठवते ते मिळून लिहितो.

आत जाऊन पाटावर बसण्याची ताकद नव्हती, म्हणून ओसरीतच वरी आणि ताक घेऊन बसलो होतो. तेवढ्यात पेठेतले बोलणे ऐकून हकीम थेट आत आला. एरवी तो येणार म्हटले की ताटवाटी काय, पाण्याचा थेंबही त्याच्या दृष्टीला पडू देत नसू. आजवर त्याने मला खाताना पाहिलेलेच नव्हते. माझ्या हातात खडा होता आणि मी तो ताकात फिरवत होतो.

"हे काय?"

"शेंदेलोण. उपास आहे."

त्याने माझ्या हातातून खडा घेतला आणि जिभेला लावला. विटाळाचे म्हणायला मला श्वास नव्हता.

"पंत, हे मीठ आहे."

"शेंदेलोण म्हणजे मीठ नव्हे. उपासाला चालते."

"समुद्रातलं वाळवलं तर मीठ, आणि डोंगरातलं खणलं तर नाही? तुमचा देव फरक करत असेल. गुरदे करत नाहीत." त्याचा आवाज चढला. "किती दिवस?"

मी दिवस सांगितले. सोमवार, शनिवार, एकादशी, संकष्टी, अष्टमी. सांगता सांगता या वहीची पाने डोळ्यांपुढे आली. उपास, मग सूज. उपास, मग सूज. पस्तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या कागदांतली विसंगती शोधून त्यांच्या नोकऱ्या घालवल्या आहेत.

"त्यावर मी पूड दुप्पट केली," हकीम कपाळाला हात लावून म्हणाला. "आणि तुम्ही पिवळं दिसत असताना घेत राहिलात. म्हणजे जहर होतंच, बाईंचं नव्हतं. निम्मं तुमचं, निम्मं माझं." मग दाराकडे पाहून म्हणाला, "त्या दिवशी आतून बाई काय सांगत होत्या?"

मला लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती आणि ती कुठे ठेवावी हे कळत नव्हते.

भाद्रपद शुद्ध ३

पूड बंद केल्याला पाच दिवस झाले. धोतर पांढरे दिसते. नाडी ठिकाणावर आली. सूज मात्र मांडीपर्यंत आहे.

हकीम म्हणतो, पूड आता महिनाभर नाही. "आता औषधानं नाही, चुलीनं वाचाल. अळणी आणि मोजून देणारं माणूस पाहिजे."

माणूस कुठून आणू? गेनबाच्या हातचे मला चालत नाही. आचारी ठेवला, त्याने पहिल्याच दिवशी सवयीने आमटीत मूठभर टाकले आणि वर "चुकून पडलं" म्हणाला. जोशांच्या घरून पान येते, पण एका म्हाताऱ्यासाठी वेगळी चूल कोण पेटवणार? मी शिजवतो ते करपते. दूध पिऊन दिवस काढतो आहे. उद्या गणेश चतुर्थी. या घरात यंदा गणपती बसणार नाही, नैवेद्य कोण करील?

लोणीला पत्र पाठवले. गं. भा. मथुरावहिनींस, गैरसमज झाला होता, तो दूर झाला, तरी लौकर यावे. गेनबा संध्याकाळी निरोप घेऊन आला. त्यांच्या भावाने पत्र वाचून दाखवले आणि त्या म्हणाल्या, "ज्यांच्या जेवणात विष असतं त्यांनी दुसरीकडे जेवावं."

रागाने उठून उभा राहिलो. मग दम लागला, म्हणून राग आवरता घेतला.

भाद्रपद शुद्ध ७

गाडीत गवत घालून त्यावर आडवा पडून लोणी काळभोरला गेलो. गेनबाने वाटेत चार वेळा गाडी थांबवली.

वहिनी अंगणात शेवग्याच्या शेंगा निवडत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

"चूक झाली," मी म्हणालो. हे दोन शब्द मी तोवर कोणाला म्हणालो नव्हतो. "ते मीठच होते. हकिमाने सांगितले."

"मला आधीपासून वाटत होतं. पण तुमचा तर्क मोठा."

"मग तेव्हाच जोर करून का नाही सांगितलेत?"

"कुणाला? दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटवलंत. मग खडा लपवला, तर चोर झाले." शेंग मोडून त्या म्हणाल्या, "दत्तकाच्या वेळी तरी माझं कुठं ऐकलंत? तो मुलगा आज तीस वर्षांचा आहे. तुमचं त्यानं केलं असतं."

मी मान खाली घातली. योग्य निर्णय होता असे म्हणावेसे वाटले नाही.

"वहिनी, चला. नाहीतर मी मरेन."

"तुम्ही मेलात तर मला काय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "पण तुम्ही मेलात तर पेठ म्हणेल, मथुरेनं मारलं. तुम्ही चारचौघांत बोललात, आता खोटं ठरवायला तुम्हीच जिवंत पाहिजे. म्हणून येते. माया म्हणून नाही."

"चालेल."

"एक अट. आतल्या पाटावर वाढणार नाही. जिथं बसून बोललात तिथं बसून जेवायचं. रोज, दोन्ही वेळा. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघितलं पाहिजे मी वाढते आणि तुम्ही खाता."

"रस्त्यावर? उघड्यावर, कोणाच्याही सावलीत? सोवळ्याचे काय?"

"विषाला कसलं सोवळं?"

त्यांच्या भावाने गाठोडे गाडीत टाकले. परतीच्या पाच कोसांत त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या.

भाद्रपद शुद्ध १०

पाणी दीड तांबे, बाहेर दोन. सूज गुडघ्याखाली.

हा तिसरा दिवस. पहिल्या दिवशी ओट्यावर पाट मांडला तेव्हा मी अर्धा तास दाराआडच उभा राहिलो. या घरातल्या पुरुषाने असे कधी केले नव्हते. शेवटी भूक आणि भीती, दोघींनी मिळून बाहेर ढकलले. डोळे मिटून चार घास खाल्ले. आजोबांचे श्राद्ध करणारे गुरुजी समोरून गेले, त्यांनी मान फिरवली. पोरे थांबली. जोशी काकू खिडकीतून पाहत होत्या, त्या आत गेल्या आणि सासूला घेऊन परत आल्या. अब्रू जाते म्हणजे काय, हे इतकी वर्षे नुसते लिहीत होतो.

आज दुपारी भात, दुधी, मुगाचे वरण. वहिनी उंबऱ्यात उभ्या, हातात वाढायची पळी, पदर डोक्यावर नीट. सगळ्या पेठेला दिसाव्यात अशा. बावीस वर्षांत त्यांना इतके उजेडात मी पाहिले नव्हते. म्हाताऱ्या झाल्या आहेत.

हिंदुराव समोरून कुबडी टेकत आला, ओट्याशी थांबला आणि ताटात डोकावला. आजूबाजूला सात-आठ माणसे होती.

"काय पंत," तो मोठ्याने म्हणाला, "इख कसं लागतंय?"

मी वहिनींकडे पाहिले. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, रस्त्याकडे पाहत होत्या.

"अळणी आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "आणि यांनीच मला जगवले आहे. वहिनी, भात वाढा."

त्यांनी भात वाढला. मी तो संपवला.